आत्याच्या जिभा

आत्या, तुझी जीभ शेवटची मीच पाहिली.

तुळशीचं पान ठेवायचं होतं तोंडात. वसंतकाकानं हात पुढं केला अन् मागं घेतला. आईनं पदर तोंडाले लावला. बाबा तं भिंतीले टेकून बसला होता, त्याले उठायचंच सुचत नव्हतं. मग मी बसलो तुझ्याजवळ. तुझे ओठ घट्ट मिटलेले. अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, अगदी तुझ्याच सुरात, "चल बाप्पा, आ कर."

हळूच निघालं, पण आईनं ऐकलं अन् दटावलं. तिले वाटलं, हा पोट्टा अशा वेळीही नकला करून राहिला. तिले कुठं माहीत होतं की मेलेल्या पाखराची चोच उघडताना तू दरवेळी हेच म्हणत होती. चोचीच्या कोपऱ्यात बोट ठेवायचं, जोर नाही करायचा, वाट पाहायची. मी तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं, वाट पाहिली, अन् तू आ केलं. जीभ दिसली. साधीच होती, सगळ्यांसारखी.

हे वाक्यही तुझंच आहे. आठवते का?

कामठीच्या शाळेत मी हेडमास्तरचा आवाज काढून शेजारच्या वर्गाले सुट्टी देऊन टाकली होती. खिडकीखाली बसलो, घसा खाकरला अन् म्हणलं, "आज शाळा सुटली आहे, गोंधळ न करता जा." पोट्टे दप्तर घेऊन खरंच घरी गेले. बाबानं मले दुकानामागं नेलं अन् ज्या लोखंडी मीटरनं कापड मोजते, त्याच मीटरनं मले मोजलं. रविवारी तू नागपूरहून आली. तू बाबाची मोठी बहीण, घरात तुले सगळे "बाई" म्हणत, अन् पाखरांच्या जिभांची मास्तरीण आहे एवढं मले माहीत होतं. मले वाटलं, आता माझ्या बाजूनं कोणीतरी बोलणार. तू टॉर्च मागवला. "आ कर" म्हणली. मी अंगणात सगळ्यांसमोर आ वासून उभा राहिलो. तू डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जीभ वर उचलायले लावली. मग टॉर्च बंद करून म्हणली, "याच्या जिभेत विशेष काहीच नाही. साधी आहे, सगळ्यांसारखी. हा जे करते ते दुसरीकडून करते."

मीटरचा मार नाही लागला तेवढं मले ते लागलं.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं अन् ते अजून सुटलेलं नाही. मी म्हणत होतो, आवाज जिभेचा. तू म्हणत होती, पाखराच्या आवाजात जिभेचं काम नाही, ते खालून येते, छातीपाशी जिथं श्वासनळीचे दोन फाटे होतात तिथून. मी बारावीनंतर तुझ्याकडं नागपूरले राहायले आलो तेव्हा तुले हे भांडण घरातच मिळालं. मी पोह्याची प्लेट पुढं ओढत म्हणलं, "आत्या, मी पोपट काढतो, कोकीळ काढतो, लोकं पैसे देतात. तुले काय माहीत?" तू पोहे संपवले. दुसऱ्या दिवशी मले कॉलेजात घेऊन गेली. टेबलावर एक मेलेलं बदक होतं. त्याची जीभ तू आधीच काढून बशीत ठेवली होती, कडेले बारीक दातांची झालर असलेली. चिखलातून दाणा गाळून घ्यायले, म्हणे. मी ती जीभ वाकून पाहून राहिलो होतो तेवढ्यात तू मागून बदकाच्या छातीवर दोन्ही हातानं दाब दिला, अन् ते बदक ओरडलं.

मेलेलं. बिनजिभेचं. क्वॅक.

मी स्टुलावर चढलो होतो, हे तू सगळ्यांले सांगितलं. दिवाळीले सांगितलं, लग्नात सांगितलं, माझ्या एका कार्यक्रमात तं माइक मागून सांगितलं. मी खाली उतरून म्हणलं, "बदकाचं कोण विचारते? पोपटाचं सांग." पोपटाची जीभ जाड, मांसाची, मुठीसारखी वळणारी, तो ती हलवून आवाजाले आकार देते, हे तुले माहीत होतं. खोटं बोलणं तुले जमत नव्हतं.

"पोपटाचं अर्धं तुझं," तू म्हणली.

"अन् कावळ्याचं?"

"कावळ्याचं मले माहीत नाही."

हे सांगताना तुझा चेहरा असा खुलला होता आत्या, की जसं कोणी तुले बक्षीस दिलं. बाकी लोकं "माहीत नाही" म्हणताना खाली पाहतात. तू वर पाहत होती.

तुझ्याकडं राहणं म्हणजे काय होतं ते बाबाले मी कधी पूर्ण सांगितलं नाही, नाहीतं मले त्यानं त्याच दिवशी परत नेलं असतं. रविवारी कामठीले यायचं, आईच्या हातचं जेवायचं, अन् परत जाताना चिकनवाल्याकडून कोंबड्यांच्या मुंडक्यांचा डबा घ्यायचा. तो डबा माझ्या मांडीवर. एकदा शेअर ऑटोत शेजारच्या बाईनं विचारलं, "काय आहे वं डब्यात? वास येऊन राहिला." मी काही बोलायच्या आधी तू सांगितलं, "जिभा." त्या बाईले वाटलं तू तिची मस्करी करून राहिली. "दाखव बरं," म्हणली. अन् तू, तू भैताड बाई, झाकण उघडलं. ऑटोवाल्यानं आपल्याले भर उन्हात हायवेवर उतरवून दिलं. मी चिडलो होतो. तू रस्त्याच्या कडेले उभी राहून एक मुंडकं हातात घेतलं, चोच उघडून म्हणली, "हे पाह. बाण आहे बाण." खरंच बाणाच्या टोकासारखी जीभ, अन् मागं दोन्ही बाजूनं उलट्या काट्यांची रांग, सगळ्या काट्यांची टोकं घशाकडं. "हे बोलायले नाही गा," तू म्हणली. "हे गिळायले आहे. एकदा आत गेलेलं बाहेर नाही येऊ द्यायचं." खालून बोट फिरवायले लावलं. टोकाखाली नखासारखं टणक. जिभेले नख. मी पुन्हा बोट फिरवलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तू मले घेऊन निघत होती. मांज्यानं कापलेली पाखरं जिथं आणतात, तिथं. जी वाचत होती त्यांच्याकडं तू ढुंकूनही पाहत नव्हती, ती तुझी नव्हती. जी नाही वाचली ती पुसून, पंख मिटवून, कपड्यात गुंडाळून घरी यायची. घारी, बगळे, एकदा एक घुबड. आधी चोच धुवायची. मग, "चल बाप्पा, आ कर." मी एकदा विचारलं, "मेलेल्याले काहून सांगते?" तू म्हणली, "त्याले विचारून घेतलेलं बरं."

भिंगाखाली पाहायचंही तूच शिकवलं. त्याच्या आधी तुझा किती खटाटोप. जीभ औषधात ठेवायची, मग तिच्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायची, अन् त्या मेणाचे असे पातळ काप काढायचे की फुंकर मारली तं उडून जातील. मग रंग. मी थेट मोठ्या भिंगाले हात लावला तं तू माझ्या हातावर टपली मारली. "आधी लहान भिंग. थेट मोठ्यात गेला की हरवून जाशील. आधी पाह की तू कुठं आहे." पहिल्यांदा मले काय दिसलं माहीत आहे? काळे काळे दोर. मी म्हणलं, "आत्या, याच्या जिभेले केस आहेत." तू म्हणली, "तुझ्या पापण्या आहेत त्या, बबल्या. डोळा मागं घे."

मग दिसलं. वरचे थर एकावर एक दाबलेले, नखाच्याच द्रव्याचे, अन् मधोमध कुर्चीची दांडी, तिच्या बाजूनं मांसाचे धागे अन् चिकट रस बनवणाऱ्या ग्रंथींचे घोस. तू सांगत होती, सुतारपक्ष्याची जीभ एवढी लांब की तिचं हाड मागून डोक्यावर चढून पुढं नाकापर्यंत येते. खंड्याची चोच एवढी मोठी अन् जीभ तांदळाएवढी. फुलचुखीची नळी, टोकाले फाटलेली. अन् चव? चवीच्या कळ्या फार थोड्या, अन् त्याही टोकाले नाहीत, मागं, बुडाशी अन् टाळूले. तिखट तं त्यांना लागतच नाही. मी म्हणलं, "मग याले तर्री पोहे खाऊ घालून काय फायदा?" तू एवढी हसली की काप हलला.

बाबाले यातलं काहीच माहीत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक विचारे, "बाई काय शिकवते?" बाबा सांगे, "सायन्स." अन् लगेच कापडाचा तागा उलगडे. तू कामठीले आली की आधी तुले विचारे, "हात धुतले ना?" तू दोन्ही हात पुढं करून दाखवे, शाळेतल्या पोरीसारखे. राग नव्हता त्याच्या मनात, आत्या. त्याले तुझ्या कामाची किळस होती अन् तुझी लाज वाटायची भीती होती, म्हणून त्यानं ते दार उघडलंच नाही.

दर राखीले तू एकच मागत होती. "यंदा ओवाळणी नको मले. एकदा येऊन पाह." बाबा म्हणे, "पाहू वं बाई, सीझन संपू दे." अन् दुकानातली साडी देई. चांगली देई, हातानं निवडून. तू ती साडी कॉलेजात नेसून जात होती अन् पुढच्या वेळी बाबाले त्याच्यावर गुलाबी डाग दिसे. "कायचे डाग पाडते वं एवढ्या भारी साडीवर?" तू म्हणे, "येऊन पाह ना." पुन्हा तेच. मी मध्ये बसून लाडू खात होतो, अन् दोघांच्या नकला पाठ करून ठेवत होतो.

तुले माझा कावळा आवडत नव्हता, हे मले मान्य करायले वेळ लागला. लग्नाच्या संगीतात मी कावळा काढला की लोकं टेबल वाजवतात. तू लकडगंजच्या कार्यक्रमाले आली होती, मागच्या रांगेत बसली होती. परत येताना स्कूटरवर मागून माझ्या कानाशी म्हणली, "कावळा चांगला होता."

"मग तोंड काहून पाडलं?"

"तो भ्यालेला कावळा आहे बबल्या. त्याले कोणी जेवायले बोलावलेलं नाही. त्याचं कोणीतरी मेलं आहे अन् तो गावाले सांगून राहिला."

"लोकांले काय फरक पडते?"

"लोकांले नाही पडत. कावळ्याले पडते."

मग म्हणली, कावळ्याचा एक काप तयार आहे, रविवारी कॉलेजात ये, तुझं अर्धं का माझं अर्धं ते पाहू. त्या रविवारी मी आलो नाही, अन् तू रागावली नाही. पुढचा रविवार आपल्याकडं आहे असंच दोघांले वाटत होतं.

आता दहाव्याचं ऐक. तुले सांगायले दुसरं कोणी नाही.

कन्हानच्या घाटावर गेलो आम्ही. पिंड मांडले. शेजारी ताट ठेवायचं, तुले आवडणारं. आईनं पुरणपोळी केली होती. तुले पुरणपोळी आवडते असं घरात कोणी कधी ठरवलं कोण जाणे. तू ती आईसाठी खात होती. मी सकाळी नागपूरहून तर्री पोहे घेऊन गेलो, आपल्या ठेल्यावरचे, तर्री वेगळी बांधून. वसंतकाका म्हणे, "दहाव्याले ठेल्यावरचे पोहे?" मी म्हणलं, "तिचा दहावा आहे का तुमचा?" बाबानं द्रोण माझ्या हातातून घेतला अन् ताटात ठेवला.

सगळे मागं सरकलो. कावळा येईना.

झाडावर होते. पलीकडच्या काठावर होते. इकडं कोणी येईना. ऊन चढलं. मग सुरू झालं नेहमीचं, ज्याले जे सुचेल ते कबूल करणं. वसंतकाका म्हणे, "बाई, तुझ्या फ्लॅटची काळजी करू नको." आई म्हणे, "बाई, बबलूचं लग्न मी चांगल्या घरी करून देतो, तुम्ही मोकळ्या मनानं जा." मी मागून म्हणलं, "माझं लग्न कायले मध्ये आणता?" भटजी घड्याळ पाहून राहिले होते, त्यांना दुसरीकडं जायचं होतं. म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात चालते."

बाबा एकदम म्हणला, "गवताचा कावळा नाही. जिनं जन्मभर खरी पाखरं हातात घेतली, तिले गवताचा कावळा नाही शिवणार."

त्या घाटावर तुझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काही बोलला तो. अन् मग माझ्याकडं वळला. डोळे लाल. "तुले येते ना गा. बोलाव."

तिथं मले कळलं, त्याच्यासाठी हे काय आहे ते. त्याले वाटून राहिलं होतं की तू मनात काहीतरी धरून गेली, अन् ते त्याच्याचमुळं. पण ते काय, हे त्याले माहीत नव्हतं. अन् त्याले वाटलं, पोराच्या घशातून सुटका होते का पाहावं.

आत्या, मले एकच कावळा येते. तुले माहीत आहे कोणता.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले अन् काढला. असा कावळा मी कोणत्याच लग्नात काढला नव्हता. दहा दिवस घशात जे अडकलं होतं ते सगळं त्याच्यात गेलं. अन् कावळे आले. दोन्ही काठावरून आले, आभाळ काळं झालं, आमच्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडून राहिले. एकही खाली नाही. भटजीनं पंचा डोक्यावर घेतला. वसंतकाका म्हणे, "वा. आता यांना खाली उतरव." बाबा वर पाहून राहिला होता, आशेनं, अन् मी त्याले कसं सांगू की मी त्यांना जेवायले नाही बोलावलं, मी सांगितलं की आमचं कोणीतरी मेलं आहे.

मी तोंड मिटलं. तू म्हणायची, "तुले सगळ्यांचा आवाज काढता येते, चूप बसलेल्याचा काढता येत नाही." तो काढला.

हळूहळू तेही चूप झाले. झाडावर बसले. बाबा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "तिचं काय राहिलं होतं गा?" एकदम हळू विचारलं. "तू सोबत होता. मले खरंच माहीत नाही. काय कबूल करू?"

मी म्हणलं, "बाबा, ती दर राखीले काय मागत होती?"

तो नदीकडं वळला. मग पिंडाशी गेला, गुडघ्यावर बसला. लोकं मोठ्यानं कबूल करतात, त्यानं नाही केलं. मी मागं होतो म्हणून ऐकू आलं. "येतो वं बाई. पाहतो. साडी नाही देत यंदा."

तू म्हणशील, अन् लगेच कावळा आला असं सांगू नको मले. नाही आला. बाबा उठला, मागं आला, आम्ही सगळे सावलीत गेलो, आईनं पाण्याची बाटली फिरवली, भटजी कोणाशी तरी फोनवर बोलून राहिले होते. आमचं लक्षच नव्हतं तेव्हा एक उतरला. तिरपा तिरपा चालत आला, तुझ्या कॉलेजातल्या त्या क्लार्कसारखा. उन्हानं धापा टाकून राहिला होता, चोच उघडी. सगळ्यांनी हात जोडले अन् पिंडाकडं पाहिलं. मी एकट्यानं चोचीत पाहिलं.

काळसर, निमुळती, टोकाशी जराशी चिरलेली. मागचे काटे इतक्या दुरून दिसत नाहीत, पण मले माहीत होतं की ते आहेत, घशाकडं तोंड करून. त्यानं पिंडाले चोच मारली, शीत उचललं, मान मागं टाकली अन् ते आत गेलं. मग पुरणपोळीचा एक तुकडा घेतला. तर्री पोह्याकडं त्यानं पाहिलंही नाही. मले हसू आलं आत्या, दहाव्याच्या घाटावर, अन् आईनं यावेळी मले काहीच म्हणलं नाही. बाबा रडून राहिला होता.

तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी बाबानं दुकान बंद ठेवलं. तुझ्या कॉलेजात मी फोन करून ठेवला होता. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनं दार उघडून दिलं, अन् तुझ्या खुर्चीवर टाकलेला पांढरा कोट उचलून बाजूले ठेवला. बाबा दारातच चपला काढून राहिला. मॅडम म्हणाल्या, "असू द्या हो." तरी काढल्याच.

मी तो कावळ्याचा काप लावला. बाबा वाकला.

"काही नाही दिसत. काळे काळे दोर आहेत."

"पापण्या आहेत तुमच्या. डोळा मागं घ्या."

त्यानं डोळा मागं घेतला अन् त्याचा श्वास थांबलेला मले ऐकू आला. मग हळूहळू तो बोलायले लागला, कापडवाल्यासारखा. "वरचा पोत घट्ट आहे. आत सैल होत गेला." मग, "हे उभे काय आहेत, एका बाजूले झुकलेले? मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखे?" मी सांगितलं, काटे, आत गेलेलं परत येऊ नये म्हणून. तो "हं" म्हणला.

"हा राणी कलर," बाबा म्हणला. "हा मले माहीत आहे. हाच पडत होता तिच्या साड्यांवर."

"हो."

"मी दरवेळी विचारायचो, कायचे डाग पाडते म्हणून."

मॅडमनं खिडकीकडं तोंड केलं. बाबाचा डोळा तिथंच होता, दुसरा हातानं झाकलेला. थोड्या वेळानं विचारलं, "चव कुठं कळते गा याले?"

"मागं. बुडाशी. टोकाले नाही कळत."

"म्हणजे घास तिथं गेल्यावर."

"हो."

"तोवर तं गिळलाच असते त्यानं."

"हो बाबा."

तो सरळ झाला. मले वाटलं, आता निघू म्हणेल. मॅडमनं कपाट उघडून एक लाकडी ट्रे पुढं ठेवला. तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, एकेका काचेवर. खंड्या. सुतार. फुलचुखी. ते घुबड. कावळ्याचं अर्धं कोणाचं, ते त्यात कुठं लिहिलेलं नाही, मी पाहिलं. तेवढं आपल्यात राहू दे. बाबानं ट्रेकडं पाहिलं, मग बाहेर दारात ठेवलेल्या चपलांकडं पाहिलं. स्टूल पायानं जवळ ओढला अन् बसला.

"लाव पुढची," म्हणला.

लावून राहिलो आहे, आत्या. आधी लहान भिंग.